लेहरा धरणाऱ्याचे नाव

झाकीर हुसेन गेले त्या डिसेंबरात आमच्या घरी दुसरे काही वाजतच नव्हते. मामा राहायला आले होते. आयुष्यभर तबला ऐकलेला, उमेदीच्या वयात थोडाफार वाजवलेला आणि कोणत्याही मैफलीत बसल्याबरोबर बोटांच्या पेरांवर मात्रा मोजू लागणारा हा माणूस. एका दुपारी मी त्यांना २०१९ साली आलेला 'गुड होप' हा अल्बम ऐकवला. तबला, सॅक्सोफोन आणि डबल बेस, एवढीच तीन वाद्ये. मामांनी डोळे मिटून दोन रचना ऐकल्या, एका तिहाईला मान हलवून दाद दिली आणि मग माझ्या हातातला फोन घेऊन, चष्मा कपाळावर चढवून, मुखपृष्ठावरची नावे एकेक करून वाचली. डेव्ह हॉलंड, झाकीर हुसेन, ख्रिस पॉटर. "हा हॉलंड म्हणजे सॅक्सोफोनवाला का?" त्यांनी विचारले. मी म्हटले, नाही मामा, ते बेस वाजवतात. "म्हणजे खाली लेहरा धरून बसलाय तो? मग त्याचं नाव पहिलं कसं?"

प्रश्नात कुत्सितपणा अजिबात नव्हता. त्यांना खरोखरच उलगडा हवा होता आणि मला तो त्या क्षणी नीट करून देता आला नाही. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात घर करून आहे.

आपल्या मैफलीत बसणाऱ्या कोणालाही हा प्रश्न पडावा. स्वतंत्र तबलावादन चालू असते तेव्हा शेजारी सारंगी किंवा हार्मोनियम घेऊन बसलेला माणूस एकच ओळ, एकच आवर्तन, तासभर वाजवत असतो. हाच लेहरा. तबलजी कायदा उलगडतो, रेला धावतो, लय दुप्पट होते, श्रोत्यांचे भान हरपते आणि तो माणूस शांतपणे समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येत राहतो. त्याचा स्वर ढळला किंवा लय तसूभर सरकली तर सगळा डोलारा कोसळेल हे जाणकारांना माहीत असते. तरीही टाळ्या पडतात त्या तबल्याला, आणि लेहरा कोणी धरला होता हे घरी पोहोचेपर्यंत अनेकांच्या लक्षातही राहत नाही. उस्ताद सुलतान खाँ यांच्यासारख्या सारंगियाने झाकीरभाईंसाठी लेहरा धरला तेव्हा तो लेहराच ऐकत राहावा असे वाटे, पण तो अपवाद. खुद्द तबल्याची गोष्टही फार जुनी नाही. साथीला बसणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरात छापले जावे यासाठी उस्ताद अल्लारखाँ यांच्या पिढीला पुष्कळ झिजावे लागले आणि त्यांच्या मुलाने, झाकीरभाईंनी, ती वाट राजरस्ता करून टाकली. म्हणजे मामा ज्याच्यासाठी हळहळत होते तो कलावंतही मुळात साथीदारांच्याच कुळातला होता. हे माझ्या लक्षात आले ते मामा गावी परतल्यावर.

आधी वाद्याविषयी सांगितले पाहिजे, कारण अर्धी अडचण तिथेच आहे. डबल बेस हे माणसाहून उंच वाद्य. वादक त्याच्या बाजूला उभा राहून, त्याला जवळजवळ मिठीत घेऊन वाजवतो. चार तारा असतात आणि प्रत्येक तारेचा वाजणारा भाग मीटरभराहून अधिक लांब असतो. पडदे नसतात, त्यामुळे प्रत्येक स्वर डाव्या हाताच्या बोटांना स्वतःच शोधावा लागतो आणि खर्जाच्या बाजूला दोन लगतच्या स्वरांत इतके अंतर असते की पंजा पूर्ण ताणावा लागतो. जॅझमध्ये गज क्वचित वापरतात. उजव्या हाताची तर्जनी तारेवर आडवी टेकवून, बोटाच्या कडेच्या मांसल भागाने तार ओढून सोडली जाते. तिथे घट्टे पडतात. जवळ बसून ऐकले तर स्वराच्या आधी बोटाचा एक लहानसा ठोका ऐकू येतो, मग लाकूड भरल्यासारखे बोलू लागते आणि मग तो नाद जमिनीतून आपल्या पायांपर्यंत येतो. सर्वांत खालची तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून एवढा खर्ज बाहेरच पडू शकत नाही. वरच्या उपस्वरांवरून कान तो खालचा स्वर आपल्याआपण जुळवून घेतो. जेवणाच्या टेबलावर ठेवलेल्या फोनमधून मामांपर्यंत हॉलंड यांची नुसती आकृती पोहोचली होती, अंगाखांद्याचा माणूस पोहोचला नव्हता. मोठ्या स्पीकरवर ऐकल्यावर मात्र ते म्हणाले होते, "हां, आता पोट भरतंय."

डेव्ह हॉलंड यांचा जन्म १९४६ सालचा, इंग्लंडच्या मध्य भागातल्या वुल्व्हरहॅम्प्टन या कारखान्यांच्या शहरातला. लहानपणी युकुलेले, मग गिटार, मग बेस गिटार असे ते आपल्याआपण शिकत गेले, पंधराव्या वर्षी त्यांनी शाळा सोडली आणि नाचगाण्याच्या बँडमध्ये वाजवून कमावू लागले. पियानोवादक ऑस्कर पीटरसन यांच्या ध्वनिमुद्रिकांवरचा रे ब्राउन यांचा बेस कानांवर पडला आणि या मुलाने विजेवरचे वाद्य बाजूला ठेवून लाकडाचा डबल बेस धरला. पुढे लंडनला जाऊन त्यांनी गिल्डहॉल या संस्थेत जेम्स मेरेट यांच्याकडे रीतसर शिक्षण घेतले. दिवसा पाश्चात्त्य अभिजात संगीताचा गज, रात्री सोहो भागातल्या क्लबांत जॅझ. मला या तपशिलात विशेष रस आहे तो यासाठी की बेसवादकाला काम सगळीकडे मिळते. ज्याला कोणी साथ करायला हवे असते तो बेसवादकाला बोलावतो, आणि अशा हरकाम्या वर्षांत त्याचे कान असे तयार होतात की समोरचा पुढच्या क्षणी कुठे जाणार हे त्याला आधी कळते.

१९६८च्या जुलैमध्ये रॉनी स्कॉट्स या लंडनच्या प्रसिद्ध क्लबात ते एका गायिकेची साथ करत होते. मुख्य कार्यक्रम पियानोवादक बिल एव्हान्स यांचा होता आणि हा दुसऱ्या फळीचा संच मधल्या वेळात वाजवत असे. श्रोत्यांत जॅझमधले नामवंत ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस बसलेले होते. कार्यक्रम संपल्यावर ढोलवादक फिली जो जोन्स यांनी येऊन निरोप दिला, की माइल्सना तुम्ही त्यांच्या बँडमध्ये हवे आहात. दोनेक आठवड्यांनी तीन दिवसांची मुदत देऊन न्यूयॉर्कला बोलावणे आले. एकवीस वर्षांचा हा मुलगा आदल्या रात्री तिथे उतरला आणि दुसऱ्या दिवशी हार्लेममधल्या काउंट बेसीच्या क्लबात वेन शॉर्टर, हर्बी हॅन्कॉक आणि टोनी विल्यम्स यांच्यासोबत उभा राहिला. जागा होती आधीचे बेसवादक रॉन कार्टर यांची. ही हकिकत जॅझच्या इतिहासात भाग्योदयाची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातले वेगळेच काही महत्त्वाचे वाटते. माइल्स यांनी त्या रात्री ऐकली होती ती साथ होती. गायिकेच्या मागे उभ्या असलेल्या, स्वतःकडे लक्ष वेधून न घेणाऱ्या वादकाचे स्वर त्यांनी हेरले होते.

मग आला माइल्स यांचा 'इन अ सायलेंट वे' हा अल्बम. १८ फेब्रुवारी १९६९ या एका दिवसाचे हे ध्वनिमुद्रण. विजेवरचे तीन-तीन पियानो एकमेकांत मिसळलेले आणि लंडनहून नुकताच आलेला जॉन मॅकलॉफलिन हा गिटारवादक. हॉलंड आणि मॅकलॉफलिन यांची ओळख लंडनचीच. पहिली बाजू कान देऊन ऐकली तर लक्षात येते की बेस जवळजवळ काहीच करत नाही. एका स्वराभोवती, मिनिटामागून मिनिटे, तो फक्त उभा आहे. नव्या दमाच्या, हातात वीज असलेल्या वादकाकडून एवढा संयम कोणी मागितला आणि त्याने तो पाळला याचे मला आजही नवल वाटते. मामांना लेहरा दिसला तो इथून आलेला आहे. पुढे याच मॅकलॉफलिन यांनी झाकीरभाईंसोबत 'शक्ती' हा संच उभा केला आणि ती कहाणी आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. हॉलंड आणि झाकीरभाई यांची संगत जुळायला मात्र आणखी चार दशकांहून अधिक काळ जायचा होता.

ऑगस्ट १९७० मध्ये आइल ऑफ वाइट बेटावरच्या महोत्सवात माइल्स यांचा बँड लाखो लोकांसमोर वाजला. त्याचे चित्रीकरण उपलब्ध आहे. हॉलंड तिथे बेस गिटार वाजवताना दिसतात, नुसता एक घट्ट, पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, त्यावर बाकीच्यांचा कल्लोळ. जगातल्या सर्वांत चर्चेतल्या बँडमध्ये, एवढ्या गर्दीसमोर उभे असलेले ते तेवीस वर्षांचे होते. आणि त्यानंतर लवकरच ते बँडमधले पियानोवादक चिक कोरिया यांच्यासह तिथून बाहेर पडले. त्यांना लाकडाचा बेस वाजवायचा होता आणि चौकटीबाहेरचे, आधी काहीच न ठरवता उमलत जाणारे संगीत करायचे होते. कोरिया, हॉलंड, बॅरी आल्टशूल आणि अँथनी ब्रॅक्स्टन या चौघांचा 'सर्कल' हा संच फार काळ टिकला नाही. पैशाच्या हिशेबाने हा निर्णय वेडेपणाचाच होता. पण लेहरा धरायचा की नाही हे स्वतः ठरवता आल्याशिवाय तो आनंदाने धरता येत नाही, असे मला त्या निर्णयाकडे पाहताना वाटते.

त्या वेडेपणाचे फळ म्हणजे नोव्हेंबर १९७२ मध्ये न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित झालेला 'कॉन्फरन्स ऑफ द बर्ड्स'. नेता म्हणून हा त्यांचा पहिला अल्बम. सोबत सॅम रिव्हर्स, ब्रॅक्स्टन आणि आल्टशूल. पियानो नाही, गिटार नाही. लंडनमध्ये राहत असताना उन्हाळ्याच्या पहाटे घराबाहेरच्या बागेत पक्षी एकेक करून येत आणि आपापला स्वर मिळवत, त्यावरून हे नाव आले. शीर्षक रचनेत आधी बेस एकट्याने पाच मात्रांची एक साधी, लोकगीतासारखी ओळ मांडतो आणि मग त्यावर बासरी व सॅक्सोफोन येऊन बसतात. मी हे प्रथम ऐकले तेव्हा मला पाच मात्रा मोजाव्याही लागल्या नाहीत, इतकी ती ओळ श्वासासारखी येत होती. त्याच अल्बमवर 'फोर विंड्स'सारखी अशी रचना आहे की चौघेही चार दिशांना सुटतात आणि तरी एकमेकांच्या नजरेआड होत नाहीत. माझ्या मते हॉलंड यांच्या पुढच्या पन्नास वर्षांचे सगळे बीज या एका ध्वनिमुद्रिकेत आहे.

सॅम रिव्हर्स यांच्यासोबत ते त्या दशकात बराच काळ वाजवत राहिले. न्यूयॉर्कमध्ये बॉन्ड स्ट्रीटवर रिव्हर्स पतिपत्नींचा 'स्टुडिओ रिव्हबी' होता, जुन्या कारखानी इमारतीतली एक जागा, जिथे क्लबांच्या मालकांची मर्जी न सांभाळता वादक हवे ते, हवा तेवढा वेळ वाजवत. एक ताल आहे म्हणून मोकळेपणा नको, किंवा मोकळेपणा आहे म्हणून ताल नको, असली सोवळी-ओवळी रिव्हर्स मानत नसत. जे जे येते ते सगळे वाजवावे, काही वगळू नये, ही त्यांची शिकवण हॉलंड यांनी पुढे मुलाखतींतून कृतज्ञतेने सांगितली आहे. १९७७ मध्ये त्यांनी 'एमराल्ड टिअर्स' हा केवळ एकट्या बेसचा अल्बम केला. तो मी सलग ऐकू शकत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. त्यात विलक्षण तयारी आहे, लाकडाचा सुगंध यावा असा स्वर आहे, पण मला सतत कुणाची तरी वाट पाहिल्यासारखे होते. ज्या माणसाचे ऐकणे इतके सुंदर आहे, त्याला ऐकायला दुसरे कुणी नाही, हे मला सोसत नाही.

१९८३ साली त्यांनी स्वतःचा पंचकसंच उभा केला आणि मामांच्या प्रश्नाचे खरे उत्तर मला इथे सापडते. केनी व्हीलर यांचा ट्रम्पेट, ज्युलियन प्रीस्टर यांचा ट्रॉम्बोन, तेव्हा विशीत असलेले स्टीव्ह कोलमन यांचा सॅक्सोफोन, ढोल आणि बेस. पियानो पुन्हा नाही. साधारणपणे जॅझमध्ये पियानो किंवा गिटार स्वरसंवादाची चौकट दाखवत राहतो आणि बेस त्या चौकटीचा पाया चालवतो. चौकट दाखवणारेच काढून टाकले की ती जबाबदारी बेसवर येते आणि त्याचबरोबर अधिकारही येतो. वरचे तिघे कोणत्याही स्वरावर असोत, खाली बेस कोणता स्वर धरतो यावर त्या क्षणाचा अर्थ ठरतो. बेसने एक पायरी खाली उतरली की तोच ट्रम्पेट उदास वाटतो, वर चढली की तोच उजळतो. श्रोत्याला वाटते ट्रम्पेटने काहीतरी केले. माझ्या समजुतीप्रमाणे हे नेतृत्व असेच चालते, वरच्याचे वाक्य न तोडता त्याच्या पायाखालची जमीन बदलून.

पुढे १९९० च्या दशकात स्टीव्ह नेल्सन यांचे व्हायब्राफोन आले. धातूच्या पट्ट्यांवर चार काठ्यांनी वाजणारे हे वाद्य पियानोइतकी जागा अडवत नाही, स्वर लावते आणि हवा मोकळी सोडते. ख्रिस पॉटर, रॉबिन युबँक्स, नेल्सन, बिली किल्सन आणि हॉलंड हा संच 'प्राइम डायरेक्टिव्ह' आणि 'नॉट फॉर नथिंग' या अल्बमांतून ज्यांनी ऐकला आहे त्यांना माझा उत्साह समजेल. पाच, सात, नऊ, अकरा मात्रांची आवर्तने ही तिथली रोजची भाषा. बेस एक आकृती मांडतो आणि ती इतकी गाण्यासारखी असते की विषम मात्रांचा खडखडाट होतच नाही. ढोलवादक तिच्यावर आडवा जातो, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन एकाच वेळी बोलतात, भांडत नाहीत, एकमेकांची वाक्ये पुरी करतात. त्या अल्बमांवर संचातल्या इतरांच्याही रचना आहेत. स्वतःच्या नावाच्या बँडमध्ये साथीदारांना रचनाकार म्हणून जागा देणे आणि तीच माणसे वर्षानुवर्षे टिकवून ठेवणे या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, याबद्दल मला शंका नाही. तेरा वादकांच्या मोठ्या बँडने 'व्हॉट गोज अराउंड' आणि 'ओव्हरटाइम' या अल्बमांसाठी ग्रॅमी मिळवले, २००५ मध्ये हॉलंड यांनी 'डेअर टू' ही स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था काढली, हे सारे मोठेच. पण मला तो पंचकसंच अधिक जवळचा आहे.

मग झाकीरभाई. 'क्रॉसकरंट्स' या नावाने आधी एक मोठा संच जमला होता, त्यात मुंबईचे लुई बँक्स, शंकर महादेवन, संजय दिवेचा असे आपले लोक होते. पुढे तो तिघांवर आला, हॉलंड, झाकीर आणि पॉटर, आणि त्यातून 'गुड होप' झाला. त्यातली 'जे भाई' ही झाकीरभाईंची रचना जॉन मॅकलॉफलिन यांच्यासाठी आहे. हॉलंड यांचा लंडनमधला तो जुना मित्र झाकीरभाईंचाही मित्र होता. 'लकी सेव्हन' ही हॉलंड यांची, नावातच सात असलेली रचना ऐकताना मामांची बोटे आपोआप पेरांवर फिरू लागली होती आणि त्याच रचनेवरून आमचा खरा वाद झाला.

त्यांचे म्हणणे असे की लेहरा हलता कामा नये. हॉलंड आपली आकृती वाजवता वाजवता तिच्यातला एखादा स्वर गाळतात, एखादा अर्ध्या मात्रेने उशिरा आणतात, तबल्याने काही सुचवले की तिचेच रूप पालटतात. "खालचाच हलला तर वरच्याने सम कोणाच्या भरवशावर गाठायची?" मामा म्हणाले. मी म्हटले, झाकीरभाई हसत गाठत आहेत, ऐका ना. त्यावर ते म्हणाले, "तो झाकीर आहे म्हणून." या वाक्यात आपल्या संगीताची एक मोठी शिस्त बोलत होती आणि ती मला मोडीत काढता येत नाही. स्थिर लेहऱ्यामुळेच तबलजीच्या प्रत्येक खटाटोपाचे मोजमाप होते. ते मोजमाप हलते झाले की थरार वाढतो, पण काटा कुठे आहे हे सामान्य श्रोत्याला कळेनासे होते. जॅझच्या बाजूने पाहिले तर ऐकता ऐकता न बदलणारी साथ ही साथच नव्हे. या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी पटतात. कधी एखाद्या संथ, अचल लेहऱ्यावर झाकीरभाईंना ऐकताना हॉलंड यांचा बेस मला चंचल वाटतो, आणि कधी हॉलंड यांच्या संगतीत झाकीरभाईंचा डग्गा जसा स्वर घेऊन बोलतो, मींड घेतो, बेसच्या खर्जाशी खर्ज मिळवतो, तसा इतरत्र कुठे बोललाच नाही असे वाटते. दोन साथीदार, दोघांचेही मूळ काम खाली राहून वरच्याला सांभाळायचे, आणि इथे वर कोण हे ठरलेलेच नाही.

'बेदुइन ट्रेल' ही हॉलंड यांची रचना 'गुड होप'वर आहे, आणि तीच त्याआधी वीसेक वर्षांपूर्वीच्या 'पॉइंट्स ऑफ व्ह्यू'वरही आहे. हल्ली मी ती दोन्ही एकापाठोपाठ लावतो. जुन्यात ट्रॉम्बोन आहे, व्हायब्राफोन आहे, काठ्यांनी वाजणारे ढोल आहेत, पाच माणसांची ये-जा आहे. नव्यात तबला आणि एक सॅक्सोफोन. एवढा पसारा काढून घेतला तरी रचनेचे काही उणे होत नाही, कारण तिचा सांगाडा बेसच्या ओळीत आहे आणि ती ओळ एकाच माणसाच्या बोटांतून येते आहे. १९९८च्या अल्बमवरची बोटे जास्त धारदार आहेत. २०१९च्या अल्बमवरची स्वराला थोडे अधिक रेंगाळू देतात आणि झाकीरभाईंनी बायाँवर, म्हणजे डग्ग्यावर, घिस्सा घेतला की त्याच्या शेवटापर्यंत थांबून मगच पुढची तार ओढतात. मामा पुन्हा येतील तेव्हा हे दोन्ही मी त्यांना मोठ्या स्पीकरवर ऐकवणार आहे. लेहऱ्याविषयीचे त्यांचे मत बदलेल असे वाटत नाही, आणि ते बदलावे असा माझा हट्टही नाही.